शेवटच्या नळाचे पाणी : गावपातळीवर साथ अडवण्याच्या कामाविषयी

पाणवठा

गॅस्ट्रोची साथ लागलेल्या गावात आरोग्य खात्याची गाडी पोचली की गावकऱ्यांना वाटते, उतरलेल्या प्रत्येकाने आधी रुग्णाची नाडी धरावी. ते काम डॉक्टर आणि सिस्टर करीत असतात. आरोग्य सहाय्यकाने त्या वेळी वहीचे मधले जोडपान उघडून त्यावर गावाच्या आळ्या, पाण्याची टाकी, विहिरी आणि गटारे काढायची असतात आणि ज्या घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण आहे त्या घरावर एकेक ठिपका द्यायचा असतो. ठिपक्याशेजारी जुलाब कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाले हेही लिहायचे असते. कारण सगळे एकाच रात्रीत आजारी पडले असतील तर संशय लग्नाच्या किंवा तेराव्याच्या पंगतीवर जातो, आणि रोज चार-सहा नवे रुग्ण निघत असतील तर पाण्यावर.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. मधल्या तेहतीस वर्षांत हिवतापाचे रक्तनमुने घेतले, कुष्ठरोगाचे चट्टे पाहिले, क्षयरुग्णांच्या दारात उभे राहून त्यांना गोळ्या गिळायला लावल्या आणि कोविडच्या काळात दारांवर कागद चिकटवले. आरोग्य खात्याची माणसे साथ आल्यावरच दिसतात, असे वाक्य मागच्या आठवड्यात याच संकेतस्थळावर चर्चेच्या एका धाग्यावर वाचले. ते पूर्णपणे खोटे नाही, पण साथ नसताना ही माणसे काय करतात आणि ते करूनही साथ का येते, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट आहे. नदीकाठचे साडेतीन हजार वस्तीचे गाव. पहिल्या दिवशी उपकेंद्रात सात रुग्ण आले, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी नऊ. आम्ही पोचलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्ड लावलेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा प्रत्येक गावाच्या पाणीस्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि साथ आली नाही तर चंदेरी. म्हणजे कार्डाच्या हिशेबाने हे गाव सुरक्षित होते. ओटीच्या रजिस्टरातही रोजची नोंद होती. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनची चाचणी. काचनळीत पाणी घेऊन त्यात या द्रावणाचे थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्यास पाणी पिवळे होते. रजिस्टरात दोन महिने दररोज पिवळे पाणी होते.

रजिस्टर खोटे असणार, असे कोणीही म्हणाले असते. मीही तसेच धरून चाललो होतो. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत घेऊन टाकीखालच्या नळाला चाचणी केली, तर पाणी खरोखरच पिवळेधमक झाले. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त पावडर, रोज पडत होती. मग ठिपक्यांची वही उघडली. तेवीस ठिपके खालच्या आळीत, गटारालगतच्या दोन ओळींत होते. टाकीजवळ एकच होता. खालच्या आळीच्या टोकाला जे घर होते त्याच्या नळाचे पाणी काचनळीत घेतले आणि थेंब टाकले. पाणी जसेच्या तसे राहिले.

त्या आळीतील नळांविषयी लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शेवटपर्यंत पाण्याला दाब येत नाही म्हणून लोकांनी अंगणात गुडघाभर खड्डे खणून नळ जमिनीखाली उतरवलेले होते. बहुतेकांना तोटी नव्हती, कारण पाणी येते ती पाऊण तासाची वेळ तोटीची काळजी करण्याची नसते. काही घरांत थेट वाहिनीला विजेची मोटार जोडलेली होती. पाणी बंद झाले की वाहिनीत पोकळी तयार होते आणि खड्ड्यात साचलेले धुण्याभांड्यांचे पाणी उघड्या नळातून उलटे आत ओढले जाते. मोटार चालू असेल तर वाटेतल्या प्रत्येक सांध्यातून ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी आधी घागरीत उतरते. गटार जिथे रस्ता ओलांडते तिथे आम्ही खणायला लावले. वाहिनीला बोट जाईल एवढे भोक होते आणि त्यावर कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली होती. पट्टी जुनी होती, तिच्यावर शेवाळ धरलेले होते. भोक पडले त्या दिवशी ते बुजवणाऱ्याने आपल्या परीने दुरुस्तीच केली होती.

एक ठिपका मात्र छळत होता. वरच्या आळीत, टाकीच्या अगदी जवळ, एक आजी आजारी होत्या. पाण्याचा तर्क बरोबर असेल तर त्या आजारी पडायला नको होत्या. सोबतचे डॉक्टर म्हणाले, एखादे घर सुटे निघणारच, सोडून द्या. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून चहा घेताना कळले की लेकीच्या बाळंतपणासाठी आजी तीन दिवस खालच्या आळीत राहून आदल्या रात्रीच घरी परतल्या होत्या. वरचे पाणी त्या तीन दिवसांत त्या प्यायल्याच नव्हत्या.

खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करून टँकर लावला, घरोघर मेडिक्लोरच्या (क्लोरीनच्या द्रावणाच्या) बाटल्या आणि ओआरएसची पाकिटे दिली, वाहिनीचा तो तुकडा बदलला. पाचव्या दिवसापासून नवा रुग्ण नाही. कोणी दगावले नाही.

मला म्हणायचे आहे ते एवढेच की साथरोगाच्या कामात मोजणी कमी पडत नाही. मोजणारा कुठे उभा राहतो यावर सगळे अवलंबून असते. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन शिल्लक असावे असा निकष आहे. तो निकष टाकीखाली उभे राहून तपासला की पाणी पिवळे होते, रजिस्टर भरते, कार्ड हिरवे राहते आणि खालची आळी आजारी पडते. इतरांचे या कामातले अनुभव वाचायला आवडतील.

वॉलमन

मी एका ग्रामपंचायतीत गेली चौदा वर्षे पाणी सोडण्याचे काम करतो. कागदावर मला जलसुरक्षक म्हणतात, गावात वॉलमन म्हणतात. धागा मनापासून वाचला, काही गोष्टी जोडतो.

टीसीएलचा हिशेब सोपा आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला पाव किलो. पण हा हिशेब ताज्या पावडरीचा आहे. नवी पिशवी उघडली तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. तोंड उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरू नये असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेले आहे. आमच्याकडे पिशवी ठेवायला पत्र्याची खोली आहे. मे महिन्यात त्या खोलीत माणूस दोन मिनिटे उभा राहू शकत नाही. तेव्हा मी पाव किलो टाकतो तेव्हा किती औषध टाकतो हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. बरेच जण पावडर थेट टाकीत ओततात; त्याने चुन्याचा गाळ तळाला बसतो आणि लोक तक्रार करतात. बादलीत पेस्ट कालवून, पाणी घालून, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे, मग तासभर थांबून पाणीपुरवठा सुरू करायचा, ही खरी पद्धत आहे. वीज रात्री दोनला येते आणि टाकी भरता भरता पाच वाजतात. सहाला पाणी सोडले नाही तर लोक घरी येतात. त्यातून तास कुठून काढायचा, ते वरच्यांनी एकदा येऊन दाखवावे.

थेट मोटारी काढण्याविषयी सगळे बोलतात. मी एकदा काढायला गेलो होतो. पहिली मोटार ज्यांच्या घरी निघाली त्यांच्याच सहीने माझे मानधन निघते. दुसऱ्या घरापर्यंत मी गेलो नाही.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्या गोष्टीतील कर्मचारी रोज टाकीखाली चाचणी करून खरी नोंद लिहीत होता. त्या रजिस्टरवर दर महिन्याला पर्यवेक्षकाची सही असते. ती सही कोणाची होती?

डॉ. कृष्णाकाठ

पाणवठा काका, सुट्या ठिपक्याची गोष्ट वाचून १८५४ च्या लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या कॉलऱ्याची आठवण झाली. ही साथ पंपाच्या पाण्यातून पसरते हे दाखवणारे डॉक्टर जॉन स्नो यांच्या नकाशाचे आणि पंपाचा दांडा काढल्याचे सर्वांना माहीत असते. त्यांच्या युक्तिवादाला खरे बळ दिले ते दूर हॅम्पस्टेडला मेलेल्या एका विधवेने. तिथे कॉलरा नव्हता. पण तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आवडत असे म्हणून ते रोज तिच्याकडे नेले जाई. आणि साथीचा पहिला रुग्ण, चाळीस क्रमांकाच्या घरातील तान्हे मूल, शोधून काढले ते त्या वस्तीत घरोघरी जाणाऱ्या हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याने. तो स्नोंचे म्हणणे खोडून काढायला निघाला होता, हे विशेष. वस्तीतली माणसे ओळखणाऱ्याला जे कळते ते नकाशा काढणाऱ्याला एकट्याने कळत नाही. तुमच्याकडेही तो चहा नसता तर ती आजी आकडेवारीत अपवाद म्हणून राहिली असती.

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून माझ्या बाजूने भर घालतो. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून तीन अर्ज आमच्या बोलण्यात आले : एस, पी आणि एल. आरोग्यसेवक लक्षणे पाहून एस भरतो, डॉक्टर निदानाचा संशय धरून पी भरतो, प्रयोगशाळा खात्री करून एल भरते. आता हे सारे आयएचआयपी या सरकारी आरोग्य माहितीच्या पोर्टलवर रुग्णवार भरले जाते. पण माध्यम कोणतेही असो, त्यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा शून्य आहे. एखाद्या उपकेंद्राने ‘तापाचे रुग्ण शून्य’ असे कळवणे आणि काहीच न कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरीज करताना दोन्हींचा अर्थ सारखाच लागतो आणि तिथेच चुकते.

दुसरी अडचण अशी की गावातला रुग्ण प्रथम खाजगी दवाखान्यात जातो. तिथे त्याला सलाईन आणि प्रतिजैविक मिळते, आणि मग तिसऱ्या दिवशी आम्ही कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवणाऱ्या माध्यमात त्याचा शौचाचा नमुना घेतो. त्यात पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू वाढत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. अहवाल नकारार्थी आला की सर्वांना सुटल्यासारखे होते आणि साथीचे नाव ‘गॅस्ट्रो’ ठरते. गॅस्ट्रो हे निदान नव्हे, ती एक सोय आहे. त्या शब्दाखाली पटकी, रोटाव्हायरस, ई. कोलाय असे सगळे मावते आणि ‘कॉलरा’ या शब्दाने जो हलकल्लोळ होतो तो टळतो. तरीही मी खाजगी डॉक्टरांना दोष देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढल्याचे लक्षात आले ते रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांच्या संख्येवरूनच. पुढे काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांची नजर पुन्हा पाण्याकडे वळली. हातपाय लुळे पडलेला रुग्ण मेंदूविकार विभागात असतो आणि त्याचे मूळ कदाचित विहिरीत असते. मधला दुवा म्हणजे कोणीतरी वेळेवर केलेला एक फोन. माझ्या तालुक्यातल्या सात खाजगी डॉक्टरांचे वैयक्तिक क्रमांक माझ्याकडे आहेत आणि मी दर शनिवारी त्यांना फोन करतो. त्यातून मला जे कळते ते पोर्टलवर सोमवारी किंवा मंगळवारी उमटते.

गप्पीमासा

मी शहरातला. महानगरपालिकेच्या हिवताप विभागात काम करतो, त्यामुळे माझा शेवटचा नळ म्हणजे बंद दार.

डेंग्यूचा रुग्ण निघाला की सोसायटीची पहिली मागणी धुराची असते. धूर म्हणजे काम झाल्याचा पुरावा. यंत्राचा आवाज होतो, मुले मागे धावतात, कोणीतरी फोटो काढतो. त्या धुराने फक्त उडणारे डास मरतात. डेंग्यू पसरवणारा एडिस हा डास घराच्या आत, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो आणि धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे त्याला संरक्षणच देतो. भांड्यातल्या अळ्यांना धुराचे काहीच होत नाही. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, त्यामुळे ज्या डासांना मारले त्यांची जागा पुढच्या आठवड्यात भरलेली असते.

आमचे खरे काम बॅटरी घेऊन घरात शिरण्याचे आहे. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, कूलर, गच्चीवरच्या टाकीचे न बसणारे झाकण, बांधकामावरचा लिफ्टचा खड्डा. बॅटरीचा उजेड पाण्यावर पडला की एडिसच्या अळ्या वळवळत तळाकडे पळतात. तो क्षण घरमालकाला दाखवणे हे दहा पत्रकांच्या बरोबरीचे असते. ज्या बाईने एकदा आपल्या फ्रिजच्या ट्रेमध्ये त्या पाहिल्या, तिच्या घरी पुन्हा सांगावे लागत नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आपण सांगतो. लोक भांडे ओतून पालथे घालतात आणि संध्याकाळी पुन्हा भरतात. अंडी मात्र भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, ती सुकूनही महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून भांडे घासणे महत्त्वाचे, ओतणे नव्हे.

आता मोजणी. शंभर घरांची तपासणी लिहायची असते. त्यांपैकी पंचवीस घरांना कुलूप असते, दहा जण दार उघडत नाहीत. तपासलेल्या घरांवरून अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी, म्हणजे अळ्यांचा निर्देशांक, काढली की ती चांगली दिसते. पण दिवसभर कुलूपबंद असणाऱ्या घरांतच कुंड्या, बाथरूममधली न हललेली बादली आणि झाकण नसलेली टाकी जास्त असते, असा माझा अनुभव आहे. रविवारी सकाळी फेरी काढली तेव्हा आमच्या एका प्रभागाचा अळ्यांचा निर्देशांक जवळजवळ दुप्पट झाला. वरिष्ठांनी विचारले, एका आठवड्यात परिस्थिती इतकी कशी बिघडली?

अवांतर : हा दाराचा प्रश्न आजचा नाही. १९११ मध्ये मलेरियाचे अभ्यासक बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला तेव्हा मूळ घराघरांतल्या विहिरींत सापडले होते, आणि विहीर बुजवा म्हटल्यावर धार्मिक भावनांपासून पाण्याच्या चवीपर्यंत सगळे आक्षेप निघाले होते.

रानातली वाट

गप्पीमासा यांचा बंद दाराचा मुद्दा वाचला. आमच्याकडे दार नसते, रान असते. सिंधुदुर्गातल्या आमच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या आदल्या वर्षी पोचला आणि मग सीमा ओलांडून इकडे आला. विषाणू गोचिडीतून पसरतो. रानात माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पालापाचोळ्यात पसरतात आणि काजू वेचायला किंवा लाकूडफाटा आणायला गेलेल्या माणसाला चावतात. थंडी सरता सरता सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो, म्हणजे नेमका काजूचा हंगाम.

इथे सर्वेक्षणाची पहिली नोंद दवाखान्यात होत नाही, मेलेल्या माकडापाशी होते. आणि मेलेले माकड प्रथम दिसते ते पाटी घेऊन रानात गेलेल्या बाईला. सुरुवातीला ती कोणाला सांगत नसे. एक तर सांगायचे कोणाला हे माहीत नव्हते. दुसरे म्हणजे मेलेले माकड हा आमच्याकडे देवाचा विषय आहे. लोक त्याच्या अंगावर कापड घालतात, नारळ ठेवतात, चार माणसे मिळून त्याला पुरतात. ज्या वेळी जवळ जायला नको नेमकी त्याच वेळी माणसे जवळ जात होती. ‘हात लावू नका’ असे नुसते सांगून कोणी ऐकले नसते. आमच्या वाडीतल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, वेगळी वाट काढली. त्या म्हणाल्या की नारळ ठेवा, पण दहा पावले लांबून ठेवा आणि मला फोन करा. पुढचे संस्कार अंगभर झाकलेली आमची माणसे येऊन करतील. मग वनखात्याची आणि पशुवैद्यकीय माणसे येऊन नमुना घेत, प्रेत जाळत आणि भोवतालच्या जागेत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारत. रानात जाणाऱ्यांना हातापायांना लावायला डीएमपी हे गोचिडी दूर ठेवणारे तेल दिले जाई. त्या तेलाच्या वासाची तक्रार सगळ्यांनी केली, पण पुढच्या हंगामात बाटली मागायला लोक स्वतः आले.

जुनी पेठ

चर्चेत भर म्हणून इतिहासातली एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे मेलेला उंदीर ही फार जुनी सर्वेक्षण पद्धत होती. घरात उंदीर पडू लागले की गाव उठून रानात झोपड्या घालून राहायला जाई. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांतून येतो हे शास्त्राने सिद्ध होण्याआधीपासून लोकांना हे माहीत होते. याउलट १८९७ मध्ये पुण्यात सरकारने जे केले त्याने लोक उंदीर आणि रुग्ण दोन्ही लपवू लागले. साथरोग अधिनियम त्याच वर्षी फेब्रुवारीत आला. प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली सोजीर (गोरे सैनिक) घरात घुसले, माणसे छावण्यांत नेली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगने गेल्या. रोग तोच, शहर तेच. एका बाजूला रुग्णाला उचलून दवाखान्यात आणणारी बाई होती आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाला हुडकून काढणारा शिपाई. मार्च २०२० मध्ये राज्याने तोच १८९७ चा कायदा लागू केला. पाणवठा यांनी दारांवर कागद चिकटवल्याचे लिहिले आहे; त्या कागदांमुळे किती जणांनी ताप लपवला असेल, याविषयी त्यांचे मत वाचायला आवडेल.

पाणवठा

सर्वांचे आभार. आधी ‘जुनी पेठ’ यांना उत्तर देतो. कागदामुळे ताप लपवला गेला, हे मी डोळ्यांनी पाहिले. पहिल्या लाटेत आमच्या एका गावात कागद लागलेल्या घराचे दूध डेअरीने घेणे बंद केले. दुसऱ्या दिवसापासून त्या आळीत एकालाही खोकला उरला नाही; मेडिकलच्या दुकानात मात्र तापाच्या गोळ्या संपल्या. पुढे आम्ही गोळ्यांच्या खपाची चौकशी करू लागलो आणि दूध वेगळ्या कॅनमधून जाईल अशी डेअरीशी बोलणी करून घेतली, तेव्हा लोक पुन्हा बोलू लागले.

‘रानातली वाट’, तुमच्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा. नारळ दहा पावले लांब ठेवण्याची कल्पना कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत सापडणार नाही.

गप्पीमासा यांच्या बंद दारांना माझ्याकडे एक जोडीदार आहे, तो म्हणजे आमच्या यादीत नसलेले घर. कारखाना सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. ती कुटुंबे मूळ गावच्या यादीत ‘बाहेरगावी’ असतात आणि आमच्या यादीत नसतातच. लसीकरणाचा टक्का दोन्ही गावांत उत्तम दिसतो, मधले मूल मात्र लसीवाचून राहते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवरने मुले दगावली तेव्हा लस न मिळालेल्या मुलांचा शोध घरोघर नव्याने घ्यावा लागला, हे आठवत असेल. गोवरासारखा रोग अशा सुटलेल्या मुलांना बरोबर शोधून काढतो. आमच्याकडे शेवटी मुकादमाच्या वहीवरून याद्या केल्या, कारण उचल कोणाला किती दिली हे लिहिताना तो एकही कुटुंब विसरत नाही.

आता वॉलमन यांचा प्रश्न. राग मानण्यासारखे त्यात काही नाही. सही माझी होती. मागच्या दोन्ही महिन्यांची.

महिन्याच्या शेवटी सतरा गावांची रजिस्टरे आरोग्य केंद्रात एकत्र येत. मी ती पाहत असे, म्हणजे रकाने भरलेले आहेत की नाही ते पाहत असे. नमुना कोणत्या नळाचा, हा रकानाच त्यात नव्हता आणि तो नाही हे मला कधी खटकले नाही. त्या गावच्या कर्मचाऱ्याला साथीनंतर नोटीस निघाली. मला निघाली नाही. मी त्याच्या बाजूने लेखी म्हणणे दिले आणि नोटीस मागे घेतली गेली, पण ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी तो माझ्याकडे पाहून काहीही बोलला नाही, ते मला अजून आठवते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही एक केले. प्रत्येक गावाच्या रजिस्टरला पट्टीने आखून एक जादा रकाना पाडला. त्यात शेवटच्या नळाच्या घराचे नाव आणि त्या घरातल्या कोणाची तरी सही किंवा अंगठा. चाचणी त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांसमोर करायची. त्याला कुठला शासन निर्णय नव्हता आणि वरून कोणी विचारलेही नाही. कर्मचाऱ्यांना आधी कटकट वाटली, कारण टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत रोज चालत जावे लागे. वॉलमन, तुम्ही म्हणता तो तासाचा प्रश्न खरा आहे आणि तो माझ्याने कधीच सुटला नाही. तीन गावांत पाण्याची वेळ सहाऐवजी सात करून घेतली, बाकीच्या गावांत जमले नाही.

खालच्या आळीच्या टोकाचे ते घर एका विधवा बाईंचे होते. पहिले काही दिवस त्या काचनळीकडे लांबून पाहत. मग त्यांनीच नळी हातात घेऊन उजेडाकडे धरायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी श्रावणात एका सकाळी त्यांचा नातू सायकलवरून चार किलोमीटर उपकेंद्रात आला आणि म्हणाला, आजीने सांगितले आहे की आजचा रंग कालच्यापेक्षा फिका आहे. जाऊन पाहिले तर टीसीएलची पिशवी दोन दिवसांपूर्वीच संपलेली होती आणि नवी आणायला ग्रामपंचायतीची गाडी मिळत नव्हती. आमच्या गाडीतून एक पिशवी उतरवून दिली.

वॉलमन

उत्तर मिळाले. उद्या रजिस्टरला रकाना आखतो. आमच्याकडे शेवटचा नळ शाळेच्या मागे आहे, तिथे सही कोणाची घ्यावी?

पाणवठा

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंची घ्या. सकाळी सर्वांत आधी त्याच तो नळ उघडतात.